दुखलं त्याचा कागद

आमच्या घरी जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराआड एका खिळ्याला एकावर एक अडकवलेली आहेत, २०११ पासूनची, मधलं एक वर्ष उंदरानं खाल्लं तेवढं सोडून. चुलीच्या धुरानं वरची पानं चहाच्या रंगाची झालीत. त्यांच्यावर दुधाचा हिशेब आहे, सिलिंडर कधी लागलं ते आहे, गाय कधी गाभण गेली ते आहे, आणि तारखेच्या चौकोनात खाली उजव्या कोपऱ्यात बॉलपेननं काढलेले ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे त्या दिवशी माझं अंग दुखलं. दोन ठिपके म्हणजे रात्रभर दुखलं. ठिपक्याभोवती गोल असला तर सुई घ्यावी लागली. मायला लिहिता येतं ते सहीपुरतं, म्हणून तिनं हे आपलं आपण ठरवलं, कोणी शिकवलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं की महिन्यातून किती वेळा दुखतं हिचं, आणि मायला पटकन सांगता आलं नाही, तर घरी येताना ती रस्ताभर तेच बोलत होती, "माह्याच पोरीचं मले सांगता नाई आलं." दुसऱ्या दिवसापासून ठिपके सुरू झाले.

मला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न. आमच्या भागात एवढं म्हटलं की कळतं. वैनगंगेच्या काठचं गाव आमचं, धानाचा पट्टा, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूच्या कोणत्याही गावात गेलं तरी एखाद्या घरी तरी हे असतंच. पण बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीकातल्या बारीक नळीतूनही वाकून निघून जातात. माझ्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, थंडी लागली, पाणी कमी पिलं गेलं, ताप आला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, मग एक अडकते, तिच्यामागं दुसऱ्या अडकतात, आणि पुढच्या हाडाला रक्तच पोचत नाही. पाटात काडीकचरा अडकला की शेवटच्या बांधीला पाणी मिळत नाही, तसंच. चांगली पेशी १२० दिवस जगते, माझी १० ते २० दिवस, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे कायम पिवळे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे आजाराचे दोन्ही जीन आले की हा आजार होतो, त्यालाच एसएस म्हणतात, एकच आला तर माणूस नुसता वाहक, त्याला सहसा काही होत नाही. उलट तो एकच जीन असलेला माणूस मलेरियातून जास्त वाचतो, म्हणून जिथं पिढ्यानपिढ्या मलेरियानं माणसं मारली तिथंच हा जीन टिकून राहिला. माझे पणजे जंगलाच्या कडेला राहून त्याच्यामुळंच वाचले असतील, आणि मी त्यांच्याच रक्तामुळं खाटेवर, हा विचार मला लय वेळा येतो.

तपासणी २००९ मध्ये झाली, मी सातवीत होते. शाळेत आरोग्य खात्याची गाडी आली, सगळ्यांच्या बोटाला टोचलं. त्या टेस्टचं मला अजून आठवतं, छोट्या काचेच्या नळीत औषध आणि त्यात रक्ताचा थेंब टाकायचे आणि नळीमागं छापील कागद धरायचे. अक्षरं दिसली तर चांगलं. माझ्या नळीमागचं एकही अक्षर दिसलं नाही, सगळं गढूळ. मग पुढची तपासणी झाली आणि एसएस आलं. त्याच्या आधी सात-आठ वर्षं मला संधिवात होता, मग कावीळ होती, मग बाहेरचं काही लागलं होतं, मग माय म्हणायची मला नजर लागते. आजार समजला त्या दिवशी घरात रडारड झाली पण मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं होतं. नाव मिळालं म्हणजे आता कोणी खोटं म्हणणार नाही असं मला वाटलं होतं.

दुखणं कसं असतं हे मला कधीच नीट सांगता आलं नाही. अंगावर काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, लंगडणं नाही. संध्याकाळी पोरांची ट्यूशन घेताना बरी असते, आणि रात्री एक-दीडला मांडीच्या हाडातून सुरू होतं, आधी ठणक, मग कळा, मग असं वाटतं की हाड आतून कोणी पिळून राहिलं आहे, मग कंबर, मग पाठ. माय उठते, काही विचारत नाही, चूल पेटवून वीट तापवते आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणून देते. ती वीट आमच्या घरात वेगळी ठेवलेली आहे, तिला कोणी दुसऱ्या कामाला हात लावत नाही, एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली आहे. वीट मांडीला, बाबा पाणी पाजणार, मी उशी तोंडात धरून. सकाळी सात वाजता कधी एकदम कमी होतं. आठ वाजता शेजारची काकू येते आणि मी अंगणात चहा पिताना दिसते. तिनं काय समजावं?

आणि लोकं समजत नाहीत यात त्यांचाही किती दोष धरायचा. आमच्याकडं जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी असते, बायांचं अख्खं वर्ष त्याच्यावर. पावसात, घोट्याच्या वरपर्यंत गार चिखलात, दिवसभर कंबरेत वाकून पऱ्हे लावायचे. माझ्यासारखीला थंडी, ओल आणि थकवा या तिन्ही गोष्टी एकदमच आल्या. मी दोन वर्षं जाऊन पाहिलं, १८ ची होते तेव्हा, पैशाची गरज होती. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पडली. तिसऱ्या वर्षी नाही म्हटलं तर आमच्याच वाडीतली एक जण सगळ्यांसमोर बोलली, "काहून वो, रोवण्याचं नाव काढलं का तुह्यी हाडं दुखतेत, आन लग्नात नाचाले बरी चालते." चूक नव्हतं तिचं बघणं. मी भावाच्या लग्नात नाचले होते. त्याच्यानंतरचे चार दिवस तिनं पाहिले नव्हते, ते कॅलेंडरवर आहेत, दोन-दोन ठिपके सलग.

आता दिव्यांग दाखल्याचं सांगते, त्याच्यासाठीच लिहायला बसली.

१९९५ चा अपंगांचा जुना कायदा होता त्याच्यात सात प्रकार होते, आमचा आजार त्यात नव्हता. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकार २१ झाले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल असे रक्ताचे तीन आजार आले. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे डॉक्टरांनी हे आपल्याकडं आहे असं सांगितल्यावर कायद्याच्या यादीत यायला ५८ वर्षं लागली. एवढ्या वर्षांत आमच्या भागातली किती लेकरं बालवाडीच्या वयातच गेली असतील, काय झालं ते न कळताच, त्याची नोंद कुठंच नाही. आमच्याच घरात माझ्या आधीची एक बहीण होती. दोन वर्षांची असताना तापात गेली. माय अजून म्हणते, तिचेही डोळे पिवळे होते.

हा दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाकडं मी पहिल्यांदा गेली २०१९ मध्ये. तेव्हा तालुक्याला एका सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसायची, उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासी असे लोकांचे दाखले भरायची, म्हणून मला फॉर्म कसा भरायचा, कोणता कागद कुठं लागतो हे चांगलं माहीत होतं. दिव्यांग दाखल्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज टाकला, फोटो, आधार, सगळं. बोर्डाच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो, मी आणि माय. जिल्ह्याच्या दवाखान्यात सकाळी नऊलाच व्हरांडा भरलेला. कुबड्या, तीनचाकी, पांढऱ्या काठ्या, आईच्या कडेवर मान न सांभाळता येणारी लेकरं. आणि त्या रांगेत मी, ड्रेस घालून, केस विंचरून, धडधाकट. एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, तुमचं कोण आहे?" मी म्हटलं, माझंच आहे. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि काही बोलले नाहीत. खोटे दाखले काढणारे लोक असतात, ते पेपरात येतं, त्यामुळं त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी मायला म्हटलंसुद्धा, चल घरी, या लोकांचा नंबर आपण कशाला घ्यायचा. माय म्हणाली, "तुह्यं दुखनं का उसनं आनलं का? बस."

आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, एसएस आहे हे मान्य केलं, त्यात वाद नव्हता. पण आजार असणं वेगळं आणि दिव्यांगत्वाचे टक्के वेगळे. वर्षात किती वेळा दुखणं उठलं, किती वेळा भरती झाली, रक्ताच्या पिशव्या किती लागल्या, आणखी कोणत्या अवयवाला धक्का बसला, यावरून टक्के काढतात. डॉक्टर विचारत गेले, मी सांगत गेली. दुखणं? महिन्यातून दोन-तीनदा. भरती? मी थांबली. गेल्या वर्षात एकदा. एकदाच? हो. मग डिस्चार्ज कार्ड? ते होतं, ते दिलं. बाकीच्या वेळचं काय आहे? बाकीच्या वेळचं काहीच नव्हतं.

कारण बाकीच्या वेळी आम्ही घरीच होतो. रात्री दीड वाजता गावातून काहीच निघत नाही. पावसाळ्यात तर नाल्यावर पाणी असलं की सकाळीसुद्धा नाही. भाड्याची गाडी बोलवायची तर हजार-बाराशे रुपये, ते महिन्यातून दोनदा कुठून आणायचे, आणि बाबा मजुरीला गेले नाहीत तर तो रोज वेगळा बुडतो. म्हणून वीट, पाणी, गोळी, आणि फारच झालं तर गावातले डॉक्टर येऊन सुई देऊन जायचे. चांगला माणूस, मध्यरात्रीही यायचे, पैसेसुद्धा कधी मागून घेतले नाहीत, पण चिठ्ठी कधी दिली नाही आणि आम्ही कधी मागितलीही नाही. कोण मागतं हो रात्री तीन वाजता चिठ्ठी. सकाळी दवाखान्यात गेलं तर दुखणं उतरलेलं असायचं, ओपीडीच्या कागदावर "अशक्तपणा" लिहून फोलिक ॲसिडच्या गोळ्या मिळायच्या.

ज्यांच्या घरी गाडी आहे, जे शहरात राहतात, ते प्रत्येक वेळी भरती होतात, त्यांच्याकडं फाईल होते. त्यांना दुखतं ते खरंच आहे, मी त्यांचं कमी म्हणत नाही. पण जो घरी सोसतो त्याच्याकडं कागद नसतो, आणि जेवढं जास्त सोसलं तेवढं कागदावर कमी दुखलं असं निघतं. मायनं अठरा वर्षं विटा तापवल्या, आणि ती तापवत राहिली म्हणूनच माझे टक्के कमी भरले. हे मला त्या दिवशी व्हरांड्यात बसून समजलं आणि मी मायला ते आजपर्यंत सांगितलं नाही.

३० टक्के आले. कार्ड पांढऱ्या रंगाचं आलं. ४० च्या वर पिवळं असतं आणि ८० च्या वर निळं. ४० च्या खाली म्हणजे दिव्यांग आहात असं लिहून मिळतं पण जवळपास कशालाच चालत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग म्हणून बसायचं तर ४० पाहिजे. कॉलेजात राखीव जागा पाहिजे तर ४०. आम्हाला मिळाली ती एसटीची सवलत, सिकलसेलच्या पेशंटला तिकीट लागत नाही, आणि भावाच्या मुलीलाही पुढं हा आजार निघाला तर तिला दहावीच्या पेपरला तासाला २० मिनिटं जास्तीची मिळतील. ते मोठंच आहे, त्यासाठी ज्यांनी मागण्या केल्या त्यांचे उपकार आहेत. पण घर त्यानं चालत नाही.

सेतू केंद्रातलं काम त्याच वर्षी सुटलं. मालकाचंही बरोबर होतं, सोमवारी बारा लोकं दाखल्यासाठी बसलेली आणि मी फोन करून सांगणार की आज येऊ शकत नाही, आणि मंगळवारी हसत हजर. तो म्हणाला ताई, तुम्ही एक ठरवा, आजारी आहात की नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आजारी आहे की नाही, हे ठरवणं माझ्या हातात असतं तर.

नोकरभरतीचं तर अजून वेगळंच आहे. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, कायद्याचं कलम ३४. त्यात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, ऑटिझम, मानसिक आजार असे गट दिलेत. रक्ताचे आजार त्या गटांत नाहीत. २१ प्रकारांत आहोत पण नोकरीच्या यादीत नाही. उच्च शिक्षणात मात्र ५ टक्क्यांत येतो. मी एका भरतीचा अर्ज भरत होती तेव्हा प्रकार निवडायची यादी तीनदा वरखाली केली, मला वाटलं मलाच दिसत नसेल. लोकांचे शेकडो फॉर्म भरले मी, पण त्या दिवशी स्वतःला कुठं टाकायचं ते कळेना. शेवटी "नाही" वर टिक केली आणि पुढं गेली. शिकून नोकरी करता येईल असंच आहे हे दुखणं, बसून करायचं काम मी दहापैकी आठ दिवस कोणाहीपेक्षा चांगलं करते, आणि नेमकी तिथंच आम्हाला जागा नाही. मला हे कोणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

दुसऱ्यांदा गेली २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं कोरोनात गेली, तेव्हा तर दवाखान्यात जायचीच भीती. या वेळी मायनं कॅलेंडरं पिशवीत भरली. मी म्हटलं अगं तिथं हे चालत नाही, ती ऐकेना. बियाण्याची पांढरी थैली असते ना प्लास्टिकची, तिच्यात गुंडाळून नेली, सहा-सात कॅलेंडरं. बोर्डात एक तरुण मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या असतील. मायनं टेबलावर सरळ थैली मोकळी केली आणि म्हणाली, "मले लिहिता नाई येत जी मॅडम, पन माह्या पोरीचं सारं याच्यात हाय." मला वाटलं आता ओरडा बसतो. पण मॅडमनी पानं उलटली. खरंच उलटली, नुसती चाळली नाहीत. २०१८ च्या जुलैवर बोट ठेवून म्हणाल्या, हे काय, एवढे? माय म्हणाली, "रोवण्याच्या टायमाले पानी लागते न तिले." डिसेंबर-जानेवारीचे पाहिले, तिथंही गर्दी. मग मॅडमनी विचारलं, गोल काढलेले किती? मायनं सांगितलं सुईचे. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या, मागं रांग होती, शिपाई दोनदा दार उघडून पाहून गेला. त्या म्हणाल्या, "मावशी, मला पटतं सगळं. पण मी हे अपलोड करू शकत नाही. मला दवाखान्याचा कागद लागतो."

त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही आणि आताही येत नाही. नियम त्यांनी केलेले नाहीत. त्यांनीच मला हायड्रॉक्सीयुरियाबद्दल नीट समजावलं, की रोजची कॅप्सूल आहे, लहानपणी अंगात असतं ते हिमोग्लोबिन वाढवते आणि दुखण्याची वारंवारता कमी करते, दर काही दिवसांनी रक्त तपासावं लागतं, पण सोडू नको. मी तेव्हापासून घेते. ठिपके कमी झालेत, हे खरं आहे, कॅलेंडरवर डोळ्यांना दिसतं. आणि मग घरी येताना एसटीत माझ्या मनात आलं की आता दुखणं कमी झालं तर टक्केही कमी होतील का. औषध घेऊन बरं वाटायला लागलं याचीसुद्धा भीती वाटावी, अशी वेळ कोणावर येऊ नये.

त्या वेळी ३० चे ३० च राहिले.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची. आमच्या गावातही कॅम्प झाला, १९ जूनला सिकलसेल दिवस असतो तेव्हा शाळेत भाषणं होतात, वाहकानं वाहकाशी लग्न करू नये हे पोरांना पाठ झालं आहे. हे सगळं झालंच पाहिजे. पण हे पुढच्या पिढीसाठी आहे, जी लेकरं अजून जन्माला आली नाहीत त्यांच्यासाठी. आम्ही जे आत्ता आहोत, पंचविशीतले, तिशीतले, लग्न न झालेले, मजुरी न झेपणारे, आईबापाच्या म्हातारपणाकडं बघत बसलेले, आमचं रोजचं कसं चालावं यावर भाषणात कोणी बोलत नाही.

गेल्या वर्षी थंडीत डावा खुबा दुखायला लागला. हे दुखणं वेगळं होतं, रात्री येऊन सकाळी जाणारं नव्हतं, पाय टाकला की दुखायचं, पायरी चढताना दुखायचं, आणि मी थोडी लंगडायला लागली. एक्स-रे काढला त्यात फार काही आलं नाही. मग नागपूरला जाऊन एमआरआय केला, त्यासाठी बाबांनी एक गोऱ्हा विकला. रिपोर्टमध्ये आलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्यात बसतो, त्याला रक्त पोचत नसल्यामुळं तो मरायला लागला आहे. सिकलसेलमध्ये हे होतं. पुढं गोळा खचला की सांधा बदलावा लागतो. माझं वय २८. डॉक्टर हे सगळं हळू आवाजात, जपून सांगत होते आणि माय ऐकत होती, आणि त्यांचं बोलणं संपल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "म्हंजे आता फोटोत दिसते न जी? आता तं देतीन न?"

डॉक्टरांना कळलंच नाही ती काय म्हणते. मला कळलं. आणि मला मान्य करावं लागेल की माझ्याही मनात तिच्याआधी तेच आलं होतं.

तिसरा बोर्ड झाला. या वेळी मी लंगडत आत गेली, मला लंगडायचं नाटक करावं लागलं नाही. हाडाचे डॉक्टर वेगळे, रक्ताचे वेगळे. रक्ताचे ३०, पायाचे २०. मला वाटलं ५० झाले, पण तशी सरळ बेरीज करत नाहीत, सूत्र आहे, मोठा आकडा घ्यायचा, नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं. ते ४३ झाले. मी व्हरांड्यात मोबाईलवर दोनदा करून पाहिलं. एवढी वर्षं रात्री दुखलं त्यानं जे झालं नाही ते हाडाच्या एका काळ्या डागानं झालं. तो डाग दुसऱ्या माणसाला दिसतो, एवढाच फरक.

पिवळं कार्ड आलं, मुदतीचं आहे, मुदत संपली की परत जायचं. तहसीलला संजय गांधीचा अर्ज टाकला आहे, दिव्यांगांसाठी वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे, तलाठ्याकडून, तहसीलदाराकडून कागद झाले. महिन्याला आधी १५०० होते, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० केले. मंजुरी अजून समितीपुढं आहे. २५०० मध्ये माझी गाडीची दोन भाडी निघतील, म्हणजे महिन्यातून दोन रात्री मी दवाखान्यात पोचू शकेन. हा हिशेब मायनं केला, तोंडी.

आमच्या गल्लीत पलीकडच्या घरी एक मुलगा आहे, दहा वर्षांचा, एसएस. त्याच्या आईला मी पहिल्या दिवसापासून एकच सांगत आली. वहिनी, काहीही झालं तरी कागद घ्या. सुई घेतली तरी लिहून घ्या, ओपीडीला गेलात तर "सिकलसेल, दुखणं" असं लिहायला लावा, नुसतं अशक्तपणा लिहू देऊ नका, तारीख बघा, शिक्का बघा. मी तिला एक फाईल आणून दिली, बटणाची, पारदर्शक.

मागच्या महिन्यात त्याला रात्री दुखणं उठलं. १०८ ला फोन केला, गाडी आली, सोबत मीही गेली. पोरगं सगळ्या रस्त्यात ओरडत होतं, मी त्याची मांडी दाबून धरली होती आणि हाताखाली ते आतून थरथरताना लागत होतं. दवाखान्यात उतरलो, सिस्टर धावत आली, त्याला कॉटवर घेतलं. ती सलाईनची बाटली लावत होती, आणि वहिनी तिच्या हाताला धरून म्हणाली, "बाई, पयले चिठ्ठी द्या न जी. चिठ्ठी."

सिस्टर म्हणाली, अगं आधी त्याला सुई तर देऊ दे. वहिनीनं हात सोडला नाही. मी म्हटलं वहिनी, आधी सुई. तिनं माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, "तुमीच तं सांगतलं ताई."

सुई दिली, पोरगं निवलं, झोपलं. पहाटे चारच्या सुमाराला कागद मिळाला, शिक्क्यासह. बाहेर पाऊस होता आणि फाईल घाईत घरीच राहिली होती. वहिनीनं कागदाची बारीक घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली, वरून पदर घेतला आणि पोराच्या पायाशी बसून राहिली.